एक पौंड धान्य : १८७७ च्या दुष्काळातील काटकसरीची कहाणी

दौंडहून अहमदनगरमार्गे (आजचे अहिल्यानगर) मनमाडला जाणारा लोहमार्ग आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचा आहे. नगर जिल्ह्यातील धर्मग्रामांत नातेसंबंध असलेली कुटुंबे या मार्गाने कितीदा तरी गेली-आली असतील. हा मार्ग १८७८ साली वाहतुकीस खुला झाला. त्याचे मातीकाम दुष्काळी मजुरांनी केले. टोपल्या वाहणाऱ्या त्या हातांना दिवसाकाठी किती मोबदला द्यावा, यावर कलकत्ता, मुंबई आणि लंडन येथील कचेऱ्यांत मोठा पत्रव्यवहार झाला होता. या पत्रव्यवहाराचा विषय भूक हा असला, तरी त्याची भाषा मात्र जमाखर्चाची होती.

शालेय पुस्तकांत १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाला एखादे वाक्य मिळते : पाऊस पडला नाही, लोक मेले. यांतील पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा अर्धा भाग पहिल्यातून आपोआप निघत नाही, आणि तो कसा निघाला हे पाहणे हाच या लेखाचा हेतू आहे.

१८७६ च्या पावसाळ्यात सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस दख्खनमध्ये जवळजवळ आलाच नाही. खरीप करपले, रब्बीची पेरणी बऱ्याच ठिकाणी झालीच नाही. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा हे जिल्हे आणि दक्षिणेकडील कलादगी (म्हणजे नंतरचा विजापूर), बेळगाव, धारवाड या भागांत हाहाकार उडाला. ज्वारीचा भाव पाहता पाहता दुपटीच्या वर गेला. गुरे कवडीमोलाने विकली गेली किंवा दावणीलाच मेली. माणसे वऱ्हाड, खानदेश, निजामाचा मुलूख अशा दिशांनी चालू लागली. कित्येकांनी मुंबई गाठली. तरीही धान्य मुळातच नव्हते असे नाही. रेल्वेने ते येत होते, पेठांत दिसत होते, आणि हिंदुस्थानातून विलायतेला गव्हाची निर्यातही त्या काळात थांबली नव्हती. शेत पिकले नाही म्हणून शेतमजुराला काम नव्हते, काम नव्हते म्हणून हातात पैसा नव्हता, आणि पैसा नव्हता म्हणून पेठेतले धान्य त्याच्या घरी येत नव्हते. दुष्काळ धान्यापेक्षा मजुरीचा अधिक असतो, ही गोष्ट पुढे खुद्द सरकारच्या दुष्काळ आयोगानेच मान्य केली.

अशा वेळी सरकारने काम काढावे, मजुरी द्यावी आणि ज्यांना काम करता येत नाही त्यांना फुकट अन्न द्यावे, एवढाच उपाय असतो. तो नवा नव्हता. तीनच वर्षांपूर्वी, १८७३-७४ साली, बिहारमध्ये तो करून झाला होता. तेथील मदतकार्य सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे होते. त्यांनी ब्रह्मदेशातून जहाजे भरभरून तांदूळ आणविला, खेडोपाडी पोहोचविला आणि मजुरी सढळपणे दिली. अधिकृत नोंदीप्रमाणे भूकबळींची संख्या दोन-तीन डझनांच्या पलीकडे गेली नाही. ब्रिटिश अमदानीतील हे सर्वांत यशस्वी मदतकार्य म्हणावे लागेल. परंतु खर्च सुमारे साडेसहा कोटी रुपये झाला आणि बराच तांदूळ शिल्लक उरला. झाले! टेंपल यांच्यावर उधळेपणाचा ठपका आला. एवढा खर्च झाला आणि माणसे तर मेलीच नाहीत, म्हणजे दुष्काळ खरा नव्हताच, असाही युक्तिवाद झाला. आग विझविणाऱ्याला आग लागलीच नव्हती असे सांगण्याचा हा प्रकार होता. टेंपल हे महत्त्वाकांक्षी अधिकारी होते. ते धडा शिकले, परंतु तो उलटा धडा होता.

१८७६ च्या एप्रिलमध्ये लॉर्ड लिटन व्हाइसरॉय म्हणून आले. कवी म्हणूनही त्यांची ख्याती होती. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, भाव पाडू नयेत, बाजार आपले काम करील, हे त्या काळच्या अर्थशास्त्राचे ब्रीद त्यांनी वेदवाक्य मानले होते. मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी सरकारी पैशाने धान्य खरेदी केले, तेव्हा व्हाइसरॉयांची मोठी नाराजी झाली. मुंबईचे गव्हर्नर सर फिलिप वूडहाउस यांना मोठी व टिकाऊ कामे काढायची होती. दौंड-मनमाड मार्ग त्यांपैकीच एक. त्यालाही हिंदुस्थान सरकारने सुरुवातीला मान्यता दिली नाही.

न्यायाने बोलायचे तर सरकारी तिजोरीची अडचण खोटी नव्हती. चांदीचा भाव जगभर घसरत होता. रुपया चांदीचा, आणि विलायतेला पाठवावयाची देणी सोन्याच्या पौंडांत. दर वर्षी त्याच देण्यासाठी अधिक रुपये मोजावे लागत होते. तेव्हा कोठे तरी हात आखडणे भाग होते. प्रश्न इतकाच की, हात कोठे आखडला गेला? १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला कैसर-ए-हिंद हा किताब जाहीर करण्यासाठी थाटाचा दरबार भरला आणि मेजवान्या चालल्या. त्यासाठी पैसा मिळाला. त्याच महिन्यात टेंपल यांना दुष्काळी भागासाठी व्हाइसरॉयांचे प्रतिनिधी म्हणून दक्षिणेत धाडण्यात आले. खर्च आटोक्यात ठेवा, हा त्यांना मिळालेल्या आदेशाचा गाभा होता.

टेंपल यांनी जो दर सुचविला तो इतिहासात ‘टेंपल वेज’ या नावाने कुप्रसिद्ध आहे. दिवसभर खडी फोडणाऱ्या किंवा माती वाहणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर तेलमीठ-सरपणासाठी फार तर एक आणा. बाईला व मुलाला त्याहून कमी. एक पौंड म्हणजे आजच्या मापाने साडेचारशे ग्रॅम. मद्रास इलाख्यात यापूर्वी दीड पौंडाचा हिशेब धरला जात असे. मुंबई सरकारनेही जानेवारी १८७७ मध्ये आपले दर खाली आणले. काम मात्र तेवढेच राहिले, किंबहुना पुष्कळ ठिकाणी कामाची मोजणी अधिक कडक झाली. निर्गमाच्या ग्रंथातील फारोची आज्ञा आमच्या वाचकांना येथे आठवेल. इस्राएली मजुरांना पेंढा देणे बंद झाले, पण विटांची संख्या पूर्वीचीच ठेवण्यात आली. आळशी आहेत म्हणून कुरकुरतात, हे फारोचे स्पष्टीकरणही १८७७ च्या कागदपत्रांत वेगळ्या शब्दांत भेटते.

या दराला पहिला जाहीर विरोध एका सरकारी अधिकाऱ्यानेच केला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी दाखवून दिले की कष्ट करणाऱ्या माणसाचा देह एवढ्या अन्नावर टिकत नाही. किमान दीड पौंड धान्य आणि त्याबरोबर डाळ-भाजी हवी. तुरुंगातील कैद्यालाही यापेक्षा अधिक अन्न मिळत होते! टेंपल यांचे उत्तर असे की, वैद्यकशास्त्रातील मतभेद काहीही असोत, तिजोरीचा विचार आधी केला पाहिजे. शेवटी मार्चमध्ये मद्रास सरकारने दर थोडा वाढविला व डाळ दिली. तोपर्यंत पुष्कळांचे शरीर खचून गेले होते. अशक्त माणूस हगवणीने, पटकीने, तापाने जातो. मृत्यूच्या नोंदवहीत भूक असे लिहिले जात नाही. कारकुनाच्या रकान्यात तो रोगाने मेलेला असतो.

दर कमी ठेवण्यामागे पैसे वाचविणे हा एकच हेतू नव्हता. त्यामागे एक तत्त्वज्ञान होते : मदत इतकी अपुरी आणि इतकी कष्टाची असावी की खरोखरीच निरुपाय झालेल्याखेरीज कोणी तिच्याकडे वळू नये. त्याला ‘कसोटी’ म्हणत. इंग्लंडमधील गरिबांच्या कायद्यात ती १८३४ सालापासून रुजली होती. दख्खनमध्ये तिच्यात अंतराची भर पडली. धडधाकट माणसाला गावाजवळ काम द्यायचे नाही, दहा-दहा मैल दूर पाठवायचे. ज्याला खरी गरज असेल तो जाईल. आम्हांला ही कसोटी फार विचार करण्यासारखी वाटते, कारण वरवर पाहता ती न्याय्य दिसते. परंतु घरी आजारी सासू असलेली सून दहा मैलांवरच्या छावणीत कशी जाणार? मागावर बसण्याची सवय असलेल्या सोलापूरच्या विणकराने खडी किती फोडावी? दिवस भरत आलेल्या बाईने? कसोटी धडधाकटांसाठी होती आणि तिच्यात नापास झाले ते दुबळे. जो आला नाही त्याला गरज नाही, असे गृहीत धरले की अर्ज कमी होतात आणि आकडे सुधारतात.

पुढे जे घडले त्याचा आम्हां मराठी माणसांना अभिमान वाटावा. दर घटविल्याचे कळताच मुंबई इलाख्यातील कामांवरून मजूर उठून गेले. त्यांची संख्या लाखाच्या घरात गेल्याचे इतिहासकार सांगतात. दगडफेक नाही, जाळपोळ नाही. आम्ही या दराने काम करणार नाही, एवढेच. पोटात अन्न नसताना मिळणारी अर्धी भाकरी नाकारणे ही साधी गोष्ट नव्हे. सरकारी अहवालांनी याचा अर्थ असा लावला की लोकांना खरी निकड नाही! त्यांची बाजू मांडली ती पुण्याच्या सार्वजनिक सभेने. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सभेचे प्रतिनिधी दुष्काळी तालुक्यांतून माहिती गोळा करीत, अर्ज पाठवीत आणि दराचा हिशेब आकड्यांनिशी खोडून काढीत. सनदशीर मार्गाने सरकारच्या अंदाजपत्रकाला प्रश्न विचारण्याची महाराष्ट्रातील परंपरा बऱ्याच अंशी या दुष्काळात घडली. सगळेच सनदशीर राहिले नाहीत. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करणारे वासुदेव बळवंत फडके यांनी दुष्काळी मुलखातील हाल पाहिले आणि १८७९ च्या फेब्रुवारीत बंडाचा झेंडा उभारला. जुलैमध्ये ते पकडले गेले व १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारले.

सरकारने हात आखडला तेथे काही माणसे पुढे आली. मे १८७७ मध्ये ज्योतीराव फुले यांनी मदतीचे जाहीर आवाहन केले. सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळग्रस्त मुलांना जेवू घातले. सावित्रीबाई जुन्नर तालुक्यात ओतूरला होत्या. तेथून २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी पतीला लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे. गुरे मरून पडत आहेत, माणसे गाव सोडून चालली आहेत, आणि सत्यशोधक मंडळी धीर देत कामाला लागली आहेत, असे त्यात सांगितले आहे. सरकारी दफ्तरांतील शेकडो पाने वाचल्यावर हे एक पत्र वाचावे, म्हणजे ‘रिलीफ’ या शब्दामागे माणसे होती याची जाणीव होते.

आणि आपली ख्रिस्तसभा? मुंबईचे व्हिकर अपोस्तोलिक तेव्हा येशूसंघीय बिशप लिओ म्युरिन होते. मुंबई-वसईकडील कॅथलिकांची शक्ती पाद्रोआदो आणि प्रोपगांडा या अधिकारक्षेत्राच्या वादात खर्ची पडत होती, हे कबूल केले पाहिजे. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून काम करीत होते. दुष्काळात त्यांच्या मिशनऱ्यांनी मदत केली आणि नंतरच्या वर्षांत खेड्यांतील दलित कुटुंबे मोठ्या संख्येने ख्रिस्ताकडे वळली. कॅथलिक मिशनचे काम त्या जिल्ह्यात रुजले ते दुष्काळानंतरच्या दोन दशकांत. या कुटुंबांच्या वंशजांना ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा आजही ऐकावा लागतो. टोमणा मारणाऱ्याने एवढे तरी पाहावे की, त्या घरांना त्यांच्या पोटाची विचारपूस करणारे इतर कोण होते? सरकार एक पौंड मोजीत होते, गावकूस बंद होते. ज्याने भाकरी दिली आणि शेजारी बसवून दिली, त्याच्या देवाविषयी माणसाने विचारले तर त्यात आम्हांला लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. पुढे १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोवारूम’ या विश्वपत्रात स्पष्ट केले की, मजूर कबूल झाला म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या श्रमिकाचा निर्वाह तिच्यावर झाला पाहिजे. ते पत्र युरोपातील कारखान्यांकडे पाहून लिहिलेले होते. परंतु दख्खनच्या खडीच्या ढिगाऱ्यावर बसलेल्या बाईलाही ते लागू पडते.

आकड्यांकडे वळू. दुष्काळ आयोगाच्या अंदाजाप्रमाणे ब्रिटिश मुलखात या दोन वर्षांत सुमारे साडेबावन्न लाख माणसे नेहमीच्या मानापेक्षा अधिक मेली. त्यांत सर्वाधिक मद्रास इलाख्यातील. मुंबई इलाख्याचा आकडाही लाखांत होता. १८७२ आणि १८८१ या दोन शिरगणत्या शेजारी ठेवल्या तर सोलापूर आणि कलादगी या जिल्ह्यांतील जवळजवळ पाचवा हिस्सा माणसे नाहीशी झालेली दिसतात. काही परमुलखात गेली असतील. बाकीची परत येण्याजोगी नव्हती. सरकारचा खर्च वाचला म्हणावे, तर तोही शेवटी बिहारपेक्षा अधिकच झाला. अर्थात प्रदेश कितीतरी मोठा होता. परंतु मेलेली गुरे, ओस शेते आणि बुडालेला सारा यांचाही हिशेब तिजोरीनेच भरला. टेंपल मात्र १८७७ सालीच मुंबईचे गव्हर्नर झाले.

या प्रकरणाला एक शेपूट आहे, आणि ते आम्हांला सगळ्यांत बोचते. एवढ्या मृत्यूंनंतर सरकारने १८७८ साली जाहीर केले की, पुढील दुष्काळांसाठी दर वर्षी दीड कोटी रुपये बाजूला काढले जातील. त्यासाठी व्यापाऱ्यांवर परवाना कर आणि काही प्रांतांत जमिनीवर ज्यादा पट्टी बसविण्यात आली. लोकांना सांगण्यात आले की हा दुष्काळाचा विमा आहे. त्याच वर्षी अफगाणिस्तानशी युद्ध सुरू झाले. कर वसूल होत राहिला. दीड कोटींची शिल्लक मात्र युद्धाच्या खर्चात विरघळली. वर मँचेस्टरच्या गिरण्यांना सोयीचे व्हावे म्हणून १८७९ साली काही सुती कापडावरील आयातजकात उठविली गेली. उपाशी माणसाच्या नावाने गोळा केलेला पैसा त्याच्यापर्यंत पोहोचला नाही, ही तक्रार हिंदी पुढाऱ्यांनी पुढे कित्येक वर्षे चालविली. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत कोठारे भरली ती दुष्काळाच्या सात वर्षांसाठीच राखून ठेवली. मध्येच फारोने स्वारीवर जाण्यासाठी ती उघडल्याचे उत्पत्तीच्या ग्रंथात नाही.

तरीही त्या मृत्यूंतून काही निष्पन्न झाले. १८७८ साली नेमलेल्या दुष्काळ आयोगाचे अध्यक्ष जनरल रिचर्ड स्ट्रेची होते. दोन हिंदी सभासदांपैकी एक म्हैसूरचे रंगाचार्लु आणि दुसरे कोल्हापूरचे कारभारी महादेव वासुदेव बर्वे. आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. दुष्काळाची चाहूल कशी ओळखावी, काम केव्हा काढावे, म्हातारे, अपंग, लहान मुले यांची यादी गावातच करून त्यांना घरपोच मदत कशी द्यावी, हे सारे नियमांत बसले. मजुरी शरीर टिकण्यापुरती असली पाहिजे, हे तत्त्व कागदावर मान्य झाले. कागदावर असे आम्ही मुद्दाम म्हणतो, कारण १८९९-१९०० च्या दुष्काळात लॉर्ड कर्झन यांनी पुन्हा कसोट्या कडक केल्या आणि पुन्हा माणसे मेली.

कसोटीचा मोह परकीय सरकारापुरता नव्हता. १९९७ साली आपल्या देशात रेशनव्यवस्था ‘लक्ष्याधारित’ झाली. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळी, केशरी व पांढरी कार्डे आली. धनवंताला स्वस्त धान्य कशाला, हा विचार चुकीचा नव्हता. परंतु दारिद्र्यरेषेच्या यादीत कोण आणि बाहेर कोण, हे ठरविणारा रकाना पुन्हा कारकुनाच्या हाती गेला. पिवळ्या कार्डासाठी फेऱ्या मारणाऱ्या विधवा कोणत्या धर्मग्रामात नव्हत्या? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पुष्कळांना पुन्हा आत घेतले.

महाराष्ट्राकडे मात्र दुसरे उदाहरणही आहे. १९७२ साली पाऊस रुसला तेव्हा हेच जिल्हे होरपळले : सोलापूर, नगर, पुणे, सातारा, सांगली, आणि मराठवाडा. या वेळी राज्य सरकारने कामे काढली. मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी तीच, टोपल्या त्याच. लाल मिलोची भाकरी आणि सुकडी यांची चव वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही ऐकली आहे, आणि ती चांगली असल्याचे कोणीही सांगितलेले नाही. मजुरीही थोडकीच होती. परंतु १८७७ सारखे मृत्यूचे थैमान झाले नाही. काम मागणाऱ्याला परत पाठवायचे नाही, हा फरक होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील विसापूर येथे आधी करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना आकाराला आली. तिचा कायदा विधिमंडळाने १९७७ साली केला. टेंपल यांच्या दरानंतर बरोबर शंभर वर्षांनी! २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या योजनेच्या पैशाची तजवीज कशी केली हेही सांगण्यासारखे आहे. १९७५ साली नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविण्यात आला आणि त्यातून जमेल तेवढीच रक्कम राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालावी, असे ठरले. आमच्या धर्मग्रामांतील शिक्षक, परिचारिका, बँकेतील कर्मचारी यांच्या पगारपत्रकात दरमहा कापली जाणारी ती छोटी रक्कम दिसते. ती कशासाठी म्हणून सुरू झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.